वाण आमचा, नांव कोणाचें?

(शाळेच्या पटांगणांत भरलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



मी वकील नाहीं, शास्त्रज्ञहि नाहीं. बारावीनंतर अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें मराठींतून शिकलों आणि गेलीं बावीस वर्षें पोरांना बाराखडी व पाढे शिकवीत आहें. तेव्हां कायद्याची गोष्ट अशा माणसानें सांगावी हें कोणास धिटाईचें वाटल्यास नवल नाहीं. पण ज्या प्रकारावरून आजची सभा भरली तो आपल्याच गांवांत घडला आणि त्या वेळीं मी तेथें हजर होतों. म्हणून उभा राहिलों आहें.

गेल्या सुगीची गोष्ट. आपल्या गांवची एक मुलगी, माझीच जुनी विद्यार्थिनी, कृषि महाविद्यालयांत शिकते. तिला अभ्यासाच्या कामासाठीं गांवचें जुनें बियाणें गोळा करून न्यावयाचें होतें. ती आक्कांकडे आली. आक्कांकडची हुरड्याची ज्वारी सगळ्या शिवाराला ठाऊक आहे. सासूकडून आलेलें तें बियाणें. चाळीस वर्षें आक्का दर सुगीला स्वतः रानांत फिरून कणसें निवडतात, राखेंत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून गाडग्यांत ठेवतात. त्यांनीं चार मुठी ओंजळींत घातल्या. पोरीनें छापील अर्ज भरला व शुद्धलेखन तपासायला मला दाखविला. 'बियाण्याचा स्रोत' असा एक रकाना होता. त्यांत तिनें एकच शब्द लिहिला होता : 'स्थानिक'.

मी तो मोठ्यानें वाचला. आक्का सहज म्हणाल्या, "पोरी, ह्यात माझं नाव कुठं गं लिवलंस?"

पोर गोरीमोरी झाली. म्हणाली, "आजी, तसा रकानाच नाही."

मंडळी, त्या मुलीचा मला राग आला नाहीं. तिनें खोटें लिहिलें नव्हतें. छापणाऱ्यानें जागाच ठेवली नव्हती. पण रात्रभर मला झोंप आली नाहीं. त्या चार मुठींचें पुढें काय होईल? त्या पेटींत जातील, त्यांना एक क्रमांक मिळेल. दहा वर्षांनीं त्यांतून एखादा नांवाजलेला वाण निघेल, त्याला विद्यापीठाचें नांव लागेल, आणि आक्कांच्या नातवाला तीच ज्वारी पिशवींतून विकत घ्यावी लागेल. हें मी भयानें रंगवून सांगत नाहीं. असें झालेलें आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रांत झालेलें आहे.

चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें खेडें आहे. मराठवाड्यांतलें शहर तें नव्हे. दादाजी रामाजी खोब्रागडे तेथले. दलित शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ सालीं त्यांना 'पटेल ३' नांवाच्या भातांत तीन लोंब्या निराळ्या दिसल्या, दाणा पिवळसर. दुसरा एखादा सगळें एकत्र झोडपून मोकळा झाला असता. दादाजींनीं त्या तीन लोंब्या बाजूला ठेवल्या, पुढल्या सालीं वेगळ्या पेरल्या, त्यांतून पुन्हां निवडल्या, पुन्हां पेरल्या. अशीं पांच-सहा वर्षें गेलीं. निघालें तें भात बारीक दाण्याचें, शिजल्यावर चवीचें, उताऱ्याला चांगलें. त्या काळीं एच. एम. टी. च्या मनगटी घड्याळाची चलती होती. बाजारांत भाताला तेंच नांव पडलें. आज हा तांदूळ विदर्भांतच नव्हे, तर छत्तीसगड व तेलंगणांतहि घरोघर शिजतो. तुम्हीं लग्नाच्या पंगतींत खाल्ला असेल. पण तो कोणी काढला हें पंगतींतल्या कितीजणांना ठाऊक असतें?

१९९४ सालीं अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्रानें दादाजींकडून हें बियाणें प्रयोगासाठीं म्हणून नेलें. १९९८ सालीं विद्यापीठानें 'पीकेव्ही-एचएमटी' या नांवानें वाण बाहेर काढला. नांवांत विद्यापीठ आलें, घड्याळ आलें. दादाजी आले नाहींत.

आतां विद्यापीठाची बाजूहि ऐकली पाहिजे. त्यांचें म्हणणें असें कीं, शेतकऱ्याचें बियाणें भेसळीचें होतें. आम्हीं तें निवडून शुद्ध केलें, चाचण्या घेतल्या. हें काम कांहीं फुकाचें नव्हे. एकसारखें रोप देणारें बियाणें तयार करायला वर्षें जातात, आणि तसें बियाणें मिळालें तर फायदा शेतकऱ्याचाच आहे. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगतों. ज्या 'पटेल ३' मधून दादाजींनीं लोंब्या निवडल्या, तो वाणहि जबलपूरच्या कृषि विद्यापीठांतल्या पटेल नांवाच्या शास्त्रज्ञानेंच काढलेला होता. म्हणजे विद्या विद्यापीठांतून शेतांत आली, शेतांतून परत विद्यापीठांत गेली. अशीच ती फिरावी. पण शेतांत येतांना ती पटेलांचें नांव घेऊन आली. परत जातांना खोब्रागड्यांचें नांव मात्र बांधावरच राहिलें. साहेबांनीं केलें तर संशोधन, आणि शेतकऱ्यानें केलें तर 'स्थानिक', हा न्याय कोणता?

दादाजींचा गौरव झाला नाहीं असें नाहीं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानें त्यांचें काम जगापुढें आणलें, २००५ सालीं राष्ट्रपति अब्दुल कलामांच्या हस्तें सत्कार झाला, २०१० सालीं फोर्ब्स नियतकालिकानें त्यांचें नांव छापलें. त्यांनीं एकंदर नऊ वाण काढले. पण शाल-नारळानें चूल पेटत नाहीं. ३ जून २०१८ रोजीं ते वारले. अखेरचे दिवस आजारपणांत व हलाखींत गेले.

कोणी विचारील, त्यांनीं तक्रार कां केली नाहीं? कोठें करणार? १९९४ सालीं अशी तक्रार ऐकणारा कायदाच या देशांत नव्हता. आणि 'हा वाण मीं काढला' हें दाखवायला कागद कोठें होता? कागदाचें मोल केवढें आहे हें समजायला दुसरी एक गोष्ट सांगतों. ती सातासमुद्रांपलीकडची आहे, पण तिच्यांतली वस्तु आपल्या चुलीशेजारच्या डब्यांतली आहे.

मार्च १९९५ मध्यें अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीवर पेटंट मिळालें. कशासाठीं, तर हळदपूड लावून जखम भरून आणण्यासाठीं! संशोधक दोघे, दोघेहि मूळचे हिंदुस्थानचे. बोट कापलें कीं हळद दाबावी हें आपल्या चार वर्षांच्या पोराला कळतें. पण त्या वेळचा अमेरिकेचा कायदा असा होता कीं, परदेशांतली नुसती वहिवाट पुरावा म्हणून चालत नसे; छापलेलें दाखवा म्हणत. आपल्या आज्या-पणज्या शंभर पिढ्या हळद लावीत आल्या, त्यांची साक्ष बाद. तेव्हां आपली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद लढायला उभी राहिली. तिचे प्रमुख रघुनाथ माशेलकर, गोव्यांतल्या माशेलचे, मुंबईंत गरिबींत शिकून मोठे झालेले. परिषदेनें जुन्या ग्रंथांतले व वैद्यकीय नियतकालिकांतले बत्तीस लेखी पुरावे शोधून पुढें ठेवले. १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें.

हळद सुटली ती कागदामुळें. कोणी तरी कधीं तरी लिहून ठेवलें होतें. आतां विचार करा. आक्कांच्या ज्वारीबद्दल कोणत्या ग्रंथांत लिहिलें आहे? ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांचें ज्ञान पोथींत गेलें. ज्यांच्या हातीं विळा, वाकस आणि धोटा होता त्यांचें ज्ञान हातांतच राहिलें आणि हाताबरोबर मातींत गेलें. आपल्या लोकांना शेंकडों वर्षें लिहूं दिलें नाहीं, त्याची किंमत अशी आजहि द्यावी लागते.

पण सगळा दोष जुन्या काळावर किंवा एखाद्या जातीवर ढकलून आज मोकळें होतां येणार नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं सांगितलें कीं, सरकारचा पैसा रयतेच्या घामांतून येतो आणि विद्येवरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरांत पडतो. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलें. आज विद्यापीठांत आपलीं पोरें आहेत, कित्येक ठिकाणीं प्राध्यापकहि आपलेच आहेत. तो 'स्थानिक' शब्द लिहिणारी पोरगी आपलीच होती. मग आपलीं माणसें आंत गेल्यावरहि रकाना कां नाहीं?

कारण विद्यापीठांतून या विषयाचें जें शिक्षण चाललें आहे तें एकांगी आहे. बुद्धीनें निर्माण केलेल्या वस्तूवर जो मालकीचा हक्क त्याला 'बौद्धिक संपदा' म्हणतात. नव्या शोधाला पेटंट, तें वीस वर्षें. लेखनाला लेखनहक्क, तो लेखकाच्या हयातींत व पुढें साठ वर्षें. पिकाच्या नव्या वाणाला नोंदणी, ती पंधरा वर्षें, झाडें व वेलींना अठरा. २०२० सालीं केंद्राच्या शिक्षण खात्यानें महाविद्यालयांत याची जागृति करण्यासाठीं कलामांच्या नांवानें कार्यक्रम काढला. २०२१ सालीं शिक्षणसंस्थांना पेटंटच्या शुल्कांत ऐंशी टक्के सूट मिळाली. व्याख्यानें होतात, कक्ष उघडतात. चांगलें आहे. आपल्या पोरांनीं कांहीं शोधून काढलें तर तें त्यांच्या नांवावर राहावें. पण तेथें शिकवितात तें 'आपलें कसें राखावें' हें. 'दुसऱ्याचें घेतांना कसें घ्यावें' हा धडा पुस्तकाच्या बाबतींत आहे, शेताच्या बाबतींत नाहीं.

पुस्तकाच्या बाबतींत नियम केवढे कडक आहेत पाहा. २०१८ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें उचलेगिरीविरुद्ध नियम केले. प्रबंधांतला मजकूर शेंकडा दहापर्यंत जुळला तर माफ. दहा ते चाळीस असला तर सहा महिन्यांच्या आंत दुरुस्त करून आणा. चाळीस ते साठ असला तर एक वर्ष बंदी. साठाच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. हें पकडायला संगणक बसविले आहेत. मेलेल्या इंग्रज पंडिताचें वाक्य न सांगतां घेतलें तर पोराची पदवी जाते. जिवंत आक्कांची चाळीस वर्षांची निवड न सांगतां घेतली तर पदवी मिळते! संगणक पुस्तक वाचतो, गाडगें वाचीत नाहीं.

आतां कायदा काय देतो तें सांगतों, कारण कायदा आहे हेंच आपल्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नाहीं. १९९५ पासून आपला देश जागतिक व्यापार संघटनेंत आला. तिच्या करारामुळें वाणांना संरक्षण देणें भाग झालें आणि २००१ सालीं पिकांचे वाण व शेतकरी हक्क यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यासाठींचें प्राधिकरण २००५ पासून दिल्लीस आहे. कायद्याच्या नांवांतच शेतकरी आहे, हें लढून मिळविलेलें आहे. त्याच्या ३९ व्या कलमानें शेतकरी हा वाण निर्माण करणारा धरला आहे. शास्त्रज्ञाप्रमाणें तोहि आपल्या वाणाची नोंद करूं शकतो, आणि शेतकऱ्याला नोंदणीचें शुल्क नाहीं. ४० व्या कलमाप्रमाणें नोंदणी मागणाऱ्यानें, मग तो विद्यापीठ असो कीं कंपनी, खेड्यांतल्या किंवा आदिवासी कुटुंबांनीं जतन केलेलें बियाणें वापरलें असल्यास तसें सांगितलें पाहिजे. लपविलें तर अर्ज फेटाळतां येतो. ४१ व्या कलमाखालीं गांवाच्या वतीनें दावा करतां येतो आणि मोबदला मिळूं शकतो.

वाचायला सगळें गोड आहे. पण अंमल कोण करणार? विद्यापीठाचे वाण १९६६ च्या बियाणें कायद्याच्या वाटेनेंहि बाहेर पडतात. ही ४० व्या कलमाची विचारणा नोंदणीच्या अर्जावर होते. नोंदणीचे अर्ज प्राधिकरणाच्या नियतकालिकांत छापतात आणि हरकत असेल तर तीन महिन्यांच्या आंत घ्यावी लागते. तें नियतकालिक आपल्या चावडीवर कधीं येतें काय? चोर कोणत्या वाटेनें गेला तें फलकावर लावलें, पण फलक दिल्लीला! हक्काची माहिती नसली तर हक्क असून नसल्यासारखा, आणि माहिती असून कागद नसला तरी तेंच.

मघाशीं तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, बियाणं म्हणजे लेक. ती द्यायचीच असते. तिच्यावर हक्क सांगायचा ही वाण्याची रीत तुम्ही आम्हांला कशाला शिकवता?" तात्यांचें बोलणें मला लागलें, कारण त्यांत सत्य आहे. आपण बियाणें नाकारीत नाहीं. दादाजींनींहि आपलें बियाणें शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिलेंच. आणि कायदाहि तें देणें मोडीत नाहीं. शेतकऱ्यानें आपलें बियाणें राखावें, पेरावें, बदलावें, वाटावें, विकावें, हा हक्क त्याच ३९ व्या कलमांत आहे. छापील नांवाच्या पिशवींत भरून विकतां मात्र येत नाहीं. पण तात्या, लेक दिली म्हणून बापाचें नांव पुसायचें असतें काय? सासरीं गेली तरी 'अमक्याची लेक' म्हणूनच ओळखतात ना? मी कुंपण घालायला सांगत नाहीं. नांव लिहायला सांगतों.

कारागीर बंधूंनो, हें तुम्हांलाहि लागू आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रांतले चार व कर्नाटकांतले चार जिल्हे त्यांत आहेत. तो हक्क एकट्याचा नाहीं, तेथें काम करणाऱ्या सगळ्यांचा आहे. पण तेथल्या कारागिरानेंहि वापरकर्ता म्हणून आपलें नांव नोंदवून घ्यावें लागतें. स्वतः काढलेल्या नव्या नक्षीची गोष्ट निराळी. तिची नोंद २००० च्या कायद्याखालीं दहा वर्षें, पुढें पांच वर्षें वाढवून, मिळते. मात्र ती आधीं चार लोकांत उघड झालेली चालत नाहीं. कलाशिक्षणाच्या संस्थांतले विद्यार्थी तुमच्या मागावर, तुमच्या एरणीपाशीं येतात, मोबाइलवर चित्रें काढून नेतात. चहा जरूर पाजा. चित्र देण्यापूर्वीं मात्र विचारा कीं हें कशाला हवें, आणि खालीं नांव कोणाचें येणार.

मीहि यांत फसलेला आहें. पाढे शिकविण्यासाठीं मीं चिंचोक्यांचा व पत्त्यांचा एक खेळ तयार केला होता. चार वर्षें वर्गांत खेळविला. एका बैठकींत उत्साहानें दाखविला, पत्त्यांचा संचहि देऊन आलों. दोन वर्षांनीं तोच खेळ एका छापील पुस्तिकेंत दुसऱ्याच्या नांवानें आला. कार्यालयाचें नांव घेत नाहीं, कारण माझ्याजवळ पुरावा नाहीं. ना तारीख, ना प्रत, ना देणेंघेणें लिहिलेली चिठ्ठी. बायको म्हणाली, पोरांना अक्षर वळवायला सांगणाऱ्या मास्तरानें स्वतः मात्र कांहीं लिहून ठेवलें नाहीं. त्यावर मी काय बोलणार?

म्हणून आतां आपण काय करायचें तें सांगतों.

ज्यांच्या घरीं जुनें किंवा निवडून काढलेलें बियाणें आहे त्यांनीं लिहावें : बियाणें कोणाकडून आलें, कोणत्या सालापासून आहे, कणसें कशी निवडतां, रोप व दाणा इतरांहून निराळा कसा. मोबाइलनें छायाचित्र काढा, तारीख राहूं द्या. ग्रामपंचायतींत जैवविविधता समिति आहे, तिची नोंदवही असते. तींत नोंद करवून घ्या. वही कपाटांत कुलुपांत आहे असें उत्तर मिळालें तर कुलूप उघडेपर्यंत तेथून हलूं नका. कोणी बियाणें मागायला आलें तर आनंदानें द्या. पण कोण, कोणत्या संस्थेचा, किती नेलें, कशासाठीं नेलें, एवढ्या चार ओळी सहीनिशीं घ्या. खरोखर नवा वाण निघाला आहे असें वाटलें तर कृषि विज्ञान केंद्रांत जा व नोंदणीचा अर्ज भरा. यांत उशीर करूं नका. बियाणें विकूं लागून वर्ष उलटलें कीं तो वाण नवा म्हणून नोंदत नाहींत. वाण निराळा, एकसारखा व टिकणारा आहे कीं नाहीं हें मग ते तपासतात.

आणि विद्यापीठांकडे आपण एवढें मागूं : प्रत्येक अर्जांत, प्रबंधांत आणि वाण बाहेर काढण्याच्या प्रस्तावांत, बियाणें राखणाऱ्याचें नांव व गांव लिहिण्याचा रकाना ठेवा. ज्या गांवचें बियाणें वापरलें त्या ग्रामपंचायतीला वाणाची नोंदणी मागतांना पत्र धाडा. तेवढ्यानें शास्त्रज्ञाची कीर्ति कमी होत नाहीं. पुस्तकाच्या उचलेगिरीला जो दंड तोच शेतांतल्या उचलेगिरीला लावा. हा ठराव आज सभेनें मंजूर केला तर उद्यांच टपालांत टाकतों. इंग्रजी करायला ती मुलगीच तयार आहे.

शनिवारची शाळा सकाळची असते. दुपारीं एक वाजल्यापासून मी चौथीच्या वर्गांत बसेन. दोनशें पानी वही आणून ठेवली आहे. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं सांगावें, मी लिहीन. पहिलें पान आक्कांचें ठरलें आहे. महाविद्यालयांतली आपली पोरगीहि त्या दिवशीं येते म्हणाली. अर्जाची प्रत आणणार आहे, आणि 'स्थानिक' शब्दाखालीं आपल्या हातानें एक रकाना आंखणार आहे. आक्का, तेव्हां आपलें पुरें नांव सांगा. आणि सासूबाईंचेंहि सांगा, तें गांवांत आतां कोणालाच ठाऊक नाहीं.